क्रोशाची वॅफल वीण: उठावाचा खांब शिकण्यापासून नॅपकिन पूर्ण होईपर्यंत

दाराचं तोरण, टीपॉयवरचा पांढरा रुमाल, देव्हाऱ्यातलं आसन. पुण्यातल्या कितीतरी घरांत क्रोशाची ओळख अशा बारीक दोऱ्याच्या, सपाट, जाळीदार कामातून झालेली असते. वॅफल वीण त्याच्या अगदी दुसऱ्या टोकाची. ती जाड आणि भरीव असते. तिच्यावरून बोट फिरवलं की आइस्क्रीमच्या कोनावर असतात तशा उभ्या-आडव्या कडा लागतात आणि मध्ये चौकोनी खळगे. हात पुसायला, गरम भांड्याखाली ठेवायला, थंडीत बाळाला गुंडाळायला ही वीण फार चांगली, कारण खळग्यांमध्ये हवा राहते आणि कापडाला जाडी मिळते.

दिसते तितकी ती अवघड नाही. साखळी आणि साधा खांब येत असेल, तर शिकायची गोष्ट एकच: सुई टाक्याच्या डोक्यात न घालता त्याच्या अंगाभोवतून फिरवायची. सगळा उठाव तिथून येतो. इथे आपण आधी सरावाचा छोटा चौकोन विणू आणि मग त्याच मापावरून २५ सेंटीमीटरचा नॅपकिन करू.

आधी शब्दांचा घोळ मिटवू

क्रोशाचे मराठी शब्द घराघरांत थोडे बदलतात, म्हणून या लेखापुरते ते नक्की करून घेऊ.

मुका खांब म्हणजे सुईवर वेढा न घेता सुई टाक्यात घालायची, दोरा ओढून आणायचा, सुईवर दोन फासे होतात, ते एकदम काढायचे. खांब म्हणजे सुईवर आधी एक वेढा, मग सुई टाक्यात, दोरा ओढल्यावर तीन फासे, आणि ते दोन-दोन करून दोनदा काढायचे. टाक्याचं डोकं म्हणजे वरून पाहिल्यावर आडव्या वेणीसारख्या दिसणाऱ्या दोन पाकळ्या. नेहमीची सुई तिथेच जाते. टाक्याचं अंग म्हणजे डोक्याखालचा उभा भाग.

इंग्रजी नमुना वाचणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. आपला खांब अमेरिकन नमुन्यात डबल क्रोशे असतो आणि ब्रिटिश नमुन्यात ट्रेबल. ब्रिटिश नमुन्यातला डबल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब. नमुना कुठला आहे हे न बघता सुरुवात केली, तर चौकटी बुटक्या होतात आणि चूक कुठे झाली ते शेवटपर्यंत उमगत नाही. नमुन्यात ‘सिंगल क्रोशे’ हा शब्द आला तर तो अमेरिकन समजावा, ब्रिटिश पद्धतीत तो शब्दच नाही.

दोरा, सुई आणि बाकी सामान

शिकण्यासाठी ८ प्लायचा सुती दोरा आणि ४ मिमीची सुई घ्या. इंग्रजी लेबलवर हीच जाडी ‘डीके’ म्हणून लिहिलेली असते. तोरणाचा बारीक दोरा आणि घरातली जुनी पोलादी सुई या विणीला चालत नाही. वीण होते, पण चौकटी इतक्या बारीक येतात की शिकणाऱ्याला काही दिसत नाही.

तुळशीबागेत, लक्ष्मी रोडच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत किंवा रविवार पेठेत बोहरी आळीकडे खरेदीला गेलात, तर नुसतं ‘लोकर द्या’ म्हणू नका. आपल्याकडे ॲक्रिलिकलाही लोकरच म्हणतात आणि दुकानदार बहुधा तेच काढून देईल. ‘सुती, ८ प्लाय’ असं सांगा आणि लेबल वाचा. शिकताना ॲक्रिलिक चालतं, पण गरम भांडं धरायला किंवा त्याखाली ठेवायला काही विणणार असाल तर ॲक्रिलिक अजिबात नको. ते उष्णतेने वितळतं आणि हाताला चिकटू शकतं. तिथे शंभर टक्के सुती दोराच हवा.

दुकानातच एक छोटी परीक्षा करा. दोऱ्याचं टोक अंगठा आणि तर्जनीत धरून पीळ उलटा फिरवा. लगेच चारी बाजूंना सुटे धागे फुटले, तर तो दोरा सुईखाली सारखा चिरेल. पीळ घट्ट असलेला दोरा कडा ठसठशीत उठवतो. केसाळ, फुगीर लोकर मऊ वाटते, पण तिच्यात खळगे बुजून जातात आणि मेहनत दिसत नाही.

रंग फिका आणि एकसारखा घ्या: मोतिया, फिका पिवळा, आकाशी. काळ्या किंवा गडद निळ्या दोऱ्यावर रात्री ट्यूबलाइटखाली टाक्याचं अंग दिसत नाही, आणि या विणीत तर तेच दिसायला हवं. एका गुंड्यात अनेक रंग असलेला दोरा तूर्त बाजूला ठेवा, रंगांच्या पट्ट्यांत उठाव हरवतो. दोन-तीन गुंडे लागणार असतील तर लेबलवरचा लॉट नंबर एकच आहे ना ते पाहा. एकाच रंगाच्या दोन लॉटमधला फरक दुकानात दिसत नाही, विणल्यावर मात्र सरळ रेघ मारल्यासारखा दिसतो.

याशिवाय कात्री, मोजपट्टी, बोथट टोकाची मोठी सुई, आणि खुणेसाठी दोन सेफ्टी पिना किंवा वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचे तुकडे एवढं पुरे.

उठावाचा खांब

वीण सुरू करण्याआधी फक्त हा टाका घोटून घ्या. १७ साखळ्या घाला, सुईपासून तिसऱ्या साखळीत पहिला खांब आणि पुढे प्रत्येक साखळीत एक, असे १५ खांबांची पट्टी विणा. काम उलटवा, २ साखळ्या घाला, पहिल्या टाक्यावर साधा खांब करा. आता दुसऱ्या टाक्यापाशी थांबा.

त्याच्या डोक्याकडे पाहू नका. खाली, त्याच्या उभ्या अंगाकडे पाहा. त्या अंगाच्या उजवीकडे एक फट आहे आणि डावीकडे एक. सुईवर एक वेढा घ्या. सुईचं टोक उजवीकडच्या फटीतून पुढून मागे घाला, खांबाच्या पाठीमागून न्या आणि डावीकडच्या फटीतून पुन्हा पुढे काढा. आता तो खांब सुईवर आडवा पडल्यासारखा दिसतो, सुई त्याच्या पाठीमागे आणि तो तुमच्या समोर. दोरा पकडा आणि त्याच वाटेने परत आणा. सुईवर तीन फासे झाले. पुढे साध्या खांबासारखंच: दोन काढा, दोन काढा.

नवख्यांचा हात इथे एका ठिकाणी हमखास चुकतो. दोरा परत आणल्यावर तो फासा आखूडच राहतो, कारण खांबाच्या अंगाभोवती जागा कमी वाटते आणि हात आपोआप आवळतो. त्या फाशाला वर ओढा, शेजारच्या साध्या खांबाच्या उंचीला आणा, मगच पुढचे फासे काढा. हा टाका ओळीच्या मध्यापासून निघतो, डोक्यापासून नाही. म्हणून त्याला साध्या खांबापेक्षा लांब फासा लागतो. हे एक जमलं की निम्मी वीण जमली.

टाका झाल्यावर काम जरा पुढे झुकवून मागे पाहा. ज्या खांबाभोवती तुम्ही सुई फिरवली, त्याचं डोकं उठावाच्या खांबामागे रिकामंच उरलेलं दिसेल. त्याला हात लावायचा नाही. तो टाका वापरून झाला आहे. पुढचा टाका त्याच्या डावीकडच्या डोक्यात जातो. या रिकाम्या डोक्यात चुकून खांब घालणं ही या विणीतली सर्वांत जास्त होणारी चूक, आणि ओळीत टाके वाढण्याचं पहिलं कारण.

डावखुऱ्यांनी सगळं आरशासारखं करावं: डावीकडून आत, उजवीकडून बाहेर.

या पट्टीवर सगळे टाके उठावाचे करत दोन-तीन ओळी विणून पाहा, फक्त दोन्ही कडांना साधा खांब. मग पट्टी उसवून दोरा परत गुंडाळा. त्यात वाया काही जात नाही.

सरावाचा चौकोन

वॅफल विणीचे टाके ३ ने भाग जाणारे हवेत. आपण २१ घेऊ. पायाच्या साखळ्या टाक्यांपेक्षा २ जास्त, म्हणजे २३. पायाची साखळी बहुतेकांची घट्ट येते आणि मग कापड खालून आवळून पंख्यासारखं होतं, म्हणून साखळीपुरती ४.५ मिमीची सुई वापरा.

पहिली ओळ: सुईपासून तिसऱ्या साखळीत खांब, मग प्रत्येक साखळीत एक. शेवटी मोजा, २१ हवेत. सुरुवातीच्या २ साखळ्या टाका म्हणून धरायच्या नाहीत. काही नमुने ३ साखळ्यांना पहिला खांब मानतात. ते चुकीचं नाही, पण कडेला भोक पडतं, आणि ओळीच्या शेवटी त्या साखळीवर टाका घालायला नवशिक्या विसरतात. इथे नियम सोपा ठेवू: उलटल्यावर २ साखळ्या, त्या मोजायच्या नाहीत, आणि पहिला खांब अगदी पहिल्याच टाक्यावर.

दुसरी ओळ, ही सुलट बाजू: २ साखळ्या. पहिल्या टाक्यावर साधा खांब. मग [पुढच्या टाक्याभोवती उठावाचा खांब, पुढच्या दोन टाक्यांवर साधे खांब] हा संच ६ वेळा. दोन टाके उरतील: एकावर उठावाचा खांब, शेवटच्यावर साधा. एकूण १ + १८ + १ + १ = २१. उठावाच्या खांबांच्या पुढे आलेल्या उभ्या कडा, म्हणजेच कणे, ७ दिसले पाहिजेत.

तिसरी ओळ, उलट बाजू: २ साखळ्या. पहिल्या टाक्यावर साधा खांब. मग [कण्याच्या डोक्यावर साधा खांब, पुढच्या दोन टाक्यांभोवती प्रत्येकी एक उठावाचा खांब] हा संच ६ वेळा. उरलेल्या दोन टाक्यांवर साधे खांब. पुन्हा २१.

चौथी ओळ दुसरीसारखी, पाचवी तिसरीसारखी, आणि असंच पुढे. तिसऱ्या ओळीनंतर पहिल्या चौकटी आकार घेऊ लागतात, पण खरी वॅफल पाचव्या-सहाव्या ओळीत दिसते. त्याआधी ‘जमत नाहीये’ म्हणून उसवू नका.

तिसऱ्या ओळीविषयी थोडं थांबून बोलायला हवं, कारण शंका इथेच येते. आपण उलट बाजूने काम करतोय, मग उठाव मागून घ्यायला नको का? नको. उलट बाजूने पुढून घेतलेला उठाव त्या दोन खांबांची डोकी पलीकडे, म्हणजे सुलट बाजूला ढकलतो. ती ढकललेली वेण्यांसारखी डोकीच वॅफलची आडवी कड बनतात. उभी कड दुसऱ्या ओळीने बांधली, आडवी कड तिसऱ्या ओळीने. इथे मागून उठाव घेतला तर आडवी कड तयार होत नाही, नुसते उभे पट्टे राहतात.

मोजू नका, विणीकडे पाहा

ओळ दुसरी की तिसरी, हे लक्षात ठेवायला लोक कागदावर काट मारतात. दारात कुरिअर आलं, कुकरची शिट्टी झाली, की काट राहून जाते. त्यापेक्षा वीण स्वतः सांगते ते ऐका. नियम एकच आणि तो दोन्ही बाजूंना लागू पडतो: जो टाका तुमच्याकडे पुढे आलेला दिसतो, त्याच्या अंगाभोवती सुई फिरवा. जो मागे दबलेला दिसतो, त्याच्या डोक्यात साधा खांब करा. दोन्ही कडांचे टाके तेवढे याला अपवाद, ते नेहमी साधेच.

सुलट बाजूने पाहिलं, तर कण्याच्या रेषेतला टाका पुढे असतो आणि शेजारचे दोन मागे दबलेले. म्हणून एक उठावाचा, दोन साधे. उलट बाजूने पाहिलं की चित्र फिरतं. तोच कणा आत गेलेला असतो आणि दोघे पुढे. म्हणून एक साधा, दोन उठावाचे. पहिल्या सपाट ओळीवर अर्थातच पुढे-मागे काही नसतं, तेवढी दुसरी ओळ मोजूनच विणावी लागते.

सुलट बाजू कोणती याची खूणही ठरवून ठेवा. उजव्या हाताने विणणाऱ्यांना पायाच्या साखळीचं लोंबतं टोक खाली उजव्या कोपऱ्यात दिसलं, की समोर सुलट बाजू आहे. डावखुऱ्यांना ते डाव्या कोपऱ्यात दिसेल. तरी सुलट बाजूला एक सेफ्टी पिन लावून ठेवलेली बरी.

बिघडतं कुठे आणि का

टाके वाढतात किंवा कमी होतात. वाढण्याची कारणं दोन: कण्यामागच्या रिकाम्या डोक्यात घातलेला खांब, किंवा ओळीच्या शेवटी उलटणीच्या २ साखळ्यांवर घातलेला जादा टाका. कमी होण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. कण्याचं डोकं उलट बाजूने जरा लपतं आणि साधा खांब न घालताच हात पुढे सरकतो. पहिल्या सहा ओळी तरी प्रत्येक ओळीअखेर मोजा. २२ आले तर पुढच्या ओळीत दोन टाके एकत्र करून निभावून नेऊ नका. सपाट विणीत ते खपून जातं, इथे पुढचे सगळे कणे एका टाक्याने सरकतात. उसवा.

कणा मध्येच तुटतो. सरळ वर चाललेली कड एका ओळीत शेजारी सरकली, तर त्या ओळीत उठाव चुकीच्या टाक्याभोवती गेला आहे. काम हातभर लांब धरा आणि डोळे किंचित मिटून पाहा, तुटलेली जागा लगेच दिसते. जवळून शोधत बसलं की सापडत नाही.

वीण पसरट दिसते, खळगे उथळ राहतात. याची कारणं हातात असतात किंवा दोऱ्यात. हात सैल असेल तर सुई अर्ध्या मिलिमीटरने लहान करा, ३.५ मिमी. दोरा मऊ, पीळ नसलेला असेल तर सुई बदलून फारसा फायदा नाही. याउलट कापड फळीसारखं ताठ झालं आणि सुई अंगाभोवती जाताना बोटं दुखू लागली, तर सुई मोठी करा, ४.५ किंवा ५ मिमी. या विणीत सुई ओढाताणीने जात असेल तर ते घट्ट विणीचं लक्षण आहे. तसं कापड पाणीही नीट टिपत नाही.

कडा वाकड्यातिकड्या येतात. पहिला टाका कधी पहिल्या डोक्यावर, कधी दुसऱ्यावर पडला की असं होतं. पहिल्या आणि शेवटच्या टाक्यात पीन अडकवून ठेवा आणि प्रत्येक ओळीत ती वर सरकवत न्या. कड अधिक नीटस हवी असेल, तर २ साखळ्यांऐवजी पहिल्या टाक्यात एक मुका खांब करा आणि त्या मुक्या खांबाच्या डाव्या उभ्या पायात सुई घालून त्यावर दुसरा मुका खांब करा. हे दोन मिळून एका खांबाच्या उंचीचे होतात आणि एक टाका म्हणून मोजायचे. भोक पडत नाही, फुगवटाही राहत नाही.

दोरा चिरतो, अर्धे धागे सुईत आणि अर्धे बाहेर. उठावाच्या खांबात हे जास्त होतं, कारण सुईचं टोक खांबाच्या अंगातच घुसतं. सुई फटीतून घालताना टोक किंचित खाली झुकवा आणि बाहेर काढताना वर. चिरलेला टाका तसाच ठेवला तर धुतल्यावर तिथे गाठीसारखा दिसतो.

नवा गुंडा जोडायची वेळ आली, तर ओळीच्या कडेला जोडा. जुन्या दोऱ्याने शेवटच्या खांबाचे शेवटचे दोन फासे राहू द्या आणि ते नव्या दोऱ्याने काढा. गाठ मारू नका. खळग्यांच्या विणीत गाठ लपत नाही, एखाद्या चौकटीतून वर येतेच.

नॅपकिनचं माप आणि दोऱ्याचा हिशेब

सरावाचा चौकोन उसवू नका, त्यावरून सगळा हिशेब निघतो. चौकोन उंचीलाही रुंदीइतका होईपर्यंत विणा आणि विषम क्रमांकाच्या ओळीवर थांबा. मग ओला करून, सपाट वाळवून मापा. न धुता घेतलेलं माप फसवं असतं, सुती दोरा धुतल्यावर बदलतो.

समजा १० सेंटीमीटरमध्ये १५ टाके भरले. मग २५ सेंटीमीटरला साडेसदतीस होतात. ३ ने भाग जाणारे जवळचे आकडे ३६ आणि ३९. ३६ घेतले तर रुंदी २४ सेंटीमीटर, ३९ घेतले तर २६. काठ विणल्यावर दोन्ही बाजूंनी थोडी वाढ होते, म्हणून ३६ घ्यावेत. पायाच्या साखळ्या ३८, आणि कंसातला संच ११ वेळा. तुमचा हात वेगळा असेल तर आकडे वेगळे येतील, रीत तीच.

दोरा किती लागेल हे स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर कळतं. १४ × १४ सेंटीमीटरचा चौकोन, म्हणजे १९६ चौरस सेंटीमीटर, समजा २२ ग्रॅम भरला. २५ × २५ म्हणजे ६२५ चौरस सेंटीमीटर. ६२५ ला १९६ ने भागून २२ ने गुणलं की ७० ग्रॅम. काठासाठी आणि टोकांसाठी दहावा हिस्सा वर धरा: ७७ ग्रॅम. म्हणजे ५० ग्रॅमचे दोन गुंडे आरामात पुरतात. उठावाची वीण साध्या खांबांपेक्षा बराच जास्त दोरा खाते, म्हणून दुसऱ्या कुठल्या विणीचा अंदाज इथे लावू नका.

याच हिशेबाने ७५ × ९० सेंटीमीटरचं बाळाचं पांघरूण, काठाचा आणि टोकांचा दहावा हिस्सा सोडून, सुमारे ७६० ग्रॅमचं होतं. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे ते उपयोगी पडेल, पण मार्चनंतर बाळाला ते जड आणि गरम होईल. वर्षभर वापरायचं असेल तर ४ प्लायचा सुती दोरा आणि ३ मिमीची सुई घ्या. टाके वाढतील, वेळ जास्त लागेल, पण वजन बरंच उतरेल. त्यासाठी चौकोन पुन्हा विणून हिशेब नव्याने करावा लागेल.

काठ, टोकं आणि वाळवण

विषम ओळीवर थांबायला सांगितलं त्याचं कारण आता दिसेल. शेवटची आडवी कड तिथे पूर्ण होते आणि वरच्या चौकटी उघड्या राहत नाहीत. शिवाय काम उलटवलं की सुलट बाजू समोर येते आणि दोरा न तोडता तिथूनच काठ सुरू करता येतो.

काठाला मुक्या खांबांची एक फेरी पुरे. वरच्या आणि खालच्या बाजूला टाक्याला एक, कोपऱ्यात तीन. उभ्या बाजूंना जरा विचार करावा लागतो. साध्या खांबाच्या विणीत प्रत्येक ओळीच्या कडेला दोन मुके खांब घालतात. उठावाच्या विणीची ओळ थोडी बुटकी असते, म्हणून दोन-दोन घातले की काठ झालरीसारखा लहरतो. एका ओळीला दोन, पुढच्या ओळीला एक, असे दोन ओळींत तीन घालून पाहा. काठ लहरला तर टाके कमी करा, आवळला तर वाढवा. एक बाजू विणून काम टेबलावर सपाट ठेवून बघायचं, चारही बाजू झाल्यावर नव्हे.

टोकं लपवायला निदान १५ सेंटीमीटर दोरा सोडा. बोथट सुईने तो उलट बाजूने ५ सेंटीमीटर एका दिशेला ओवा, एक टाका सोडून परत फिरवा आणि तिसऱ्यांदा आडवा न्या. सुती दोरा गुळगुळीत असतो. एकदाच ओवलेलं टोक दोन-तीन धुण्यांत बाहेर येतं.

आता वाळवण. नॅपकिन साध्या पाण्यात अर्धा तास भिजवा. रंग गडद असेल तर आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसून तो जातो का ते पाहा. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. मग सपाट पसरा, कोपरे काटकोनात आणा आणि कण्यांच्या रेषा बोटाने सरळ करा. ताणून टाचण्या मारू नका, ताणलेल्या वॅफलचे खळगे उथळ होतात. इस्त्री तर अजिबात नको. इस्त्रीच्या दाबाने कडा चपट्या होतात, आणि ॲक्रिलिकला वाफ बसली तर त्याचा उठाव कायमचा जातो. तोरणाला घालतो तशी खळही इथे नको, ताठ झालेला नॅपकिन पाणी टिपत नाही.

गोल विणायचं असेल तर

टोपी किंवा पिशवी गोलात विणताना काम उलटवलं जात नाही, सुलट बाजू सतत समोर असते. त्यामुळे वर सांगितलेली तिसरी ओळ तशीच्या तशी चालणार नाही. गोलात टाके फक्त ३ च्या पटीत घ्या, कडांचे जादा टाके नकोत. एका फेरीत [एक उठावाचा खांब पुढून, दोन साधे]. पुढच्या फेरीत [कण्यावर एक साधा, पुढच्या दोन टाक्यांभोवती मागून उठावाचे खांब]. मागून म्हणजे सुई उजवीकडच्या फटीतून मागून पुढे आणायची, खांबाच्या समोरून न्यायची आणि डावीकडच्या फटीतून परत मागे घालायची. सपाट कामात जे काम उलट बाजूने पुढून होत होतं, तेच इथे सुलट बाजूने मागून होतं. सुरुवातीला मागून सुई घालताना दिसत नाही, म्हणून कामाचा वरचा काठ आपल्याकडे वाकवून घ्या आणि पलीकडून बघत सुई घाला.

पावसाळ्यातलं एक पथ्य

वॅफल विणीचं कापड जाड असतं आणि पाणी भरपूर धरून ठेवतं. जून ते सप्टेंबरात ते दोरीवर टांगलं तर वरचा भाग वाळतो, खालचा ओलाच राहतो आणि भाराने लांबतो. पावसाळ्यात ते कोरड्या टॉवेलवर आडवं पसरून पंख्याखाली ठेवा, काही तासांनी उलटवा आणि खालचा टॉवेल बदला. वरून हाताला कोरडं लागलं तरी घडी करून कपाटात ठेवण्याआधी एखाद्या खळग्यात बोट दाबून पाहा. गारवा लागला तर अजून एक रात्र पंख्याखाली राहू द्या.